धनंजय माने आज तळोज्यात राहिले असते

‘अशी ही बनवाबनवी’ला सगळा महाराष्ट्र विनोदी चित्रपट म्हणतो. तळोज्यातला माणूस मात्र तो बघता बघता मध्येच गंभीर होतो, कारण त्यात त्याला स्वतःची वणवण दिसते. धनंजय मानेंसह चार तरुणांना पुण्यात राहायला जागा नाही, एवढीच तर मूळ अडचण. विश्वास सरपोतदार खोली खाली करायला लावतात, लीलाबाई काळभोर जोडप्यांशिवाय कुणाला बिऱ्हाड देत नाहीत, म्हणून सुधीरची सुधा होते आणि परश्याची पार्वती. पुढचा सगळा गोंधळ त्या एका जागेपायी. ज्या हिंदी चित्रपटावरून ही गोष्ट आली, त्या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या सिनेमाचं नावच ‘बीवी और मकान’. जागेची चणचण बावीस वर्षांनीही तेवढीच ताजी आहे हे लेखक वसंत सबनीस आणि दिग्दर्शक सचिन यांनी ओळखलं. १९८८च्या सप्टेंबरात आलेला त्यांचा चित्रपट आज सदतीसहून जास्त वर्षांचा झाला, तरी त्यातली अडचण जिथल्या तिथे आहे.

तळोज्याची वस्ती अशाच अडचणींतून उभी राहिली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशी एकेक वसाहत भरत गेली आणि ज्यांना तिथले भाव झेपेनात ते आणखी आत सरकले. २०१८ मध्ये सिडकोने १४,८३८ घरांची सोडत काढली, त्यात खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरीच्या जोडीला तळोजाही होतं. लालबागची दहा बाय बाराची खोली सोडून आलेला, डोंबिवलीत वर्षानुवर्षं भाडं भरून थकलेला, एमआयडीसीत पाळीवर जाणारा, असे सगळे इथे एका जिन्यावर शेजारी झाले. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, ब्रोकरची दलाली आणि ‘बॅचलर चालणार नाहीत’ हे ठरलेलं उत्तर, यातून न गेलेला भाडेकरू इथे शोधूनच काढावा लागेल. धनंजय माने आज खोली शोधत असते तर फिरत फिरत तळोज्याच्या फेज वनलाच आले असते.

म्हणूनच या परिसरात त्या चित्रपटाचे पाठांतर असलेले लोक पावलापावलाला भेटतात. सरपोतदारांचे सत्तर रुपये, अश्विनी भावेंची लिंबू रंगाची साडी, पार्वतीचं बाळंतपण. नुसता शब्द काढला की चहाच्या टपरीवर चौघं हसतात, आणि त्यातले दोघं १९८८ मध्ये जन्मलेलेही नसतात. व्हॉट्सॲपच्या स्टिकरांत धनंजय माने आहेत, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आहेत, राजकीय टोमण्यांत आहेत. एवढं प्रेम मराठीत दुसऱ्या कुठल्या कलाकृतीच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. पण या प्रेमाला आज मोठा पडदा नाही. विशीतल्या ज्या मुलाला अख्खा चित्रपट तोंडपाठ आहे, त्याने तो अंधारात, शेदोनशे अनोळखी माणसांच्या हसण्यात कधीच पाहिलेला नाही. जुन्या मराठी चित्रपटांच्या आठवणींवर आपल्याकडे उदंड बोललं जातं. ते चित्रपट नीट दुरुस्त करून पुन्हा थिएटरात लावा, अशी मागणी मात्र कुणी जोर लावून करत नाही. ती करायला हवी.

सध्या हा चाहता जुना चित्रपट कसा बघतो, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली, अकरा किलोमीटरांत अकरा स्थानकं. संध्याकाळी त्या डब्यात हातातल्या मोबाइलवर यूट्यूब चालू असतं. कधीकाळी कुणीतरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली प्रत, तिच्या कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं, म्हणजे चौघं एका ओळीत उभे असले तर कडेचा अर्धाच दिसतो. लिंबू रंगाची साडी फिकट पिवळी पडलेली. गाणं अर्ध्यात तुटतं, कारण त्याचे हक्क दुसऱ्याकडे. सरपोतदारांच्या प्रसंगात धनंजय माने झालेले अशोक सराफ बोलत असतात आणि खरी गंमत सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर चाललेली असते: आधी आशा, मग शंका, मग पैसे बुडाल्याची खात्री. पाच इंचांच्या काचेवर तो चेहरा म्हणजे एक पुसट ठिपका. संवाद ऐकू येतो, अभिनय दिसत नाही. ज्या चित्रपटाला लोक संवादांचा चित्रपट म्हणतात तो मुळात चेहऱ्यांचा चित्रपट होता, हे या प्रतीवरून कुणाला कळणारच नाही.

हिंदीवाल्यांनी यातून वाट काढली आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा फार लोकांनी तो थिएटरात पाहिला नाही. पुढे मोबाइलवर पाहून ज्यांना पश्चात्ताप झाला, ते १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागल्यावर धावले, आणि दुसऱ्या खेपेचा गल्ला पहिल्या खेपेपेक्षा जास्त झाला. कोकणातलं गाव, नारायण धारपांच्या भयकथांची प्रेरणा, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारं नाव असा हा हाडाने मराठी सिनेमा, फक्त बोलतो हिंदी. पाठोपाठ २०२५च्या फेब्रुवारीत ‘सनम तेरी कसम’ या २०१६ मध्ये पडलेल्या चित्रपटाचंही तसंच झालं. मराठीत ‘सैराट’ त्याच वर्षी मार्चमध्ये पुन्हा पडद्यावर आला, ही चांगली गोष्ट. पण ‘सैराट’ २०१६ चा. त्याची डिजिटल प्रत तयारच होती. १९७७ किंवा १९८८चा मराठी चित्रपट आणायचा तर कष्ट घ्यावे लागतात, आणि तिथेच घोडं अडतं.

ते कष्ट कसे असतात हे ‘शोले’ने दाखवलं, आणि ‘शोले’चा तळोज्याच्या परिसराशी संबंध आहे. रामगड उभारलं कर्नाटकात, रामनगरजवळ. पण मालगाडीवरच्या दरोडेखोरांचा तो प्रसंग, ज्यात जय आणि वीरू पहिल्यांदा ठाकूरसमोर आपली धमक दाखवतात, चित्रित झाला पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर. पडद्यावर काही मिनिटं चालणाऱ्या त्या प्रसंगाला सात आठवडे लागले होते. पनवेल-दिवा मार्गावर तळोज्याहून गाडी पकडणाऱ्या प्रवाशांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? स्थानकावर एखादी पाटी लावायला काय हरकत आहे? परदेशात चित्रीकरणाच्या जागा पाहायला लोक तिकीट काढून जातात. इथे पनवेलच्या पोरांनाही कुणी सांगितलेलं नसतं की हिंदी सिनेमातला सर्वांत गाजलेला गाडीवरचा प्रसंग आपल्या अंगणात घडला.

तर ‘शोले’ची मूळ निगेटिव्ह वापरण्याजोगी उरलेली नव्हती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ब्रिटनमधल्या एका गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या सामग्रीवरून काम केलं, इटलीतल्या प्रयोगशाळेत एकेक चौकट साफ झाली, आणि आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदललेला शेवटही पूर्ववत करण्यात आला. ठाकूरच्या पायांखाली गब्बर मरतो, तो शेवट. २०२५च्या जूनमध्ये बोलोन्याच्या महोत्सवात ही प्रत दाखवली गेली आणि डिसेंबरात ती भारतात थिएटरांत आली. पन्नास वर्षांनी लोकांनी ‘शोले’ पहिल्यांदा पूर्ण पाहिला. आठवणींची कदर करायची ती अशी.

मराठीत त्याऐवजी आठवणींचे पुढचे भाग निघतात. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये एसटीतून गणपतीपुळ्याला निघाला होता, २०२४ मध्ये दुसरा भाग कोकण रेल्वेने निघाला. ‘झपाटलेला’ १९९३ चा, त्याचा दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडीत आला. या भागांना प्रेक्षक मिळतात आणि ते मिळावेतच, निर्मात्याने जोखीम घेतलेली असते. तरीही एक मत ठामपणे मांडायला हवं: ‘झपाटलेला’ची जादू थ्रीडीने वाढण्यातली नव्हती. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू हा बाहुला, त्यात दिलीप प्रभावळकरांनी ओतलेला आवाज आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे, या तिघांचं ते काम होतं. बेर्डे त्या बाहुल्याला इतके मनापासून घाबरतात की प्रेक्षकाला लाकूड विसरायला होतं. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाकडून घेतलेली असली तरी मूळ सिनेमातल्या बाहुल्याला तात्या विंचूसारखी शेजारच्या गल्लीतल्या गुंडाची भाषा नाही. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. त्यांच्याशिवायचा दुसरा भाग कितीही चकचकीत केला तरी घाबरणारा माणूस कुठून आणणार? त्यापेक्षा १९९३ चाच ‘झपाटलेला’ स्वच्छ प्रतीत, दणदणीत आवाजात शनिवारी रात्री नऊच्या खेळाला लावावा. तळोज्याच्या सोसायट्यांतली अर्धी पोरं आईबापांना ओढून आणतील.

प्रभावळकरांचं उदाहरण आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिमणराव, १९९१ मध्ये ‘चौकट राजा’तला नंदू, मग तात्या विंचू, २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’चा नायक. तो चित्रपट चालला, जोरात चालला. कोकणातली दशावतारी कला आणि खाणींचा प्रश्न असा त्याचा विषय, म्हणजे गल्ल्याची हमी देणारा मुळीच नव्हे. पण तिकीट काढणाऱ्यांच्या घरात हा नट तीन पिढ्या वावरलेला आहे. आजोबांना चिमणराव आठवतात, मुलाला तात्या विंचू, नातवाला गांधीजी. जुन्याची ओढ नव्या धाडसाच्या पाठीशी उभी राहते ती अशी, आणि तिचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही.

आता थोडं कडू. मराठी माणसाच्या सिनेमाच्या आठवणींचा परीघ फारच लहान झाला आहे. १९८५चा ‘धूमधडाका’ ते १९९३चा ‘झपाटलेला’ एवढ्या आठनऊ वर्षांतल्या दहाबारा विनोदी चित्रपटांवर सगळी भिस्त. याचं कारण त्या चित्रपटांच्या गुणांत आहेच, पण त्याहून जास्त प्रक्षेपणात आहे. रविवारी दुपारी चारला दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि चाळी, वाड्या, गावं टीव्हीसमोर बसायची. मग केबल आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, आणि पुढे तेच तेच दहाबारा चित्रपट सुट्टीच्या दुपारी फिरत राहिले. जे पुन्हा पुन्हा लागलं ते लक्षात राहिलं. जे लागलं नाही ते विसरलं गेलं, मग ते कितीही थोर असो.

‘जैत रे जैत’ घ्या. जब्बार पटेलांचा १९७७चा चित्रपट, ठाकर समाजातली गोष्ट, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गो. नी. दांडेकरांच्या ज्या कादंबरीवर तो बेतला तिच्यामागे पनवेलच्या दक्षिणेला असलेल्या कर्नाळ्याचा परिसर आणि तिथला सुळका उभा आहे. तळोज्याहून गाडी काढली तर तासाभरात माणूस त्या डोंगराच्या पायथ्याशी असतो. दर रविवारी शेकडो तरुण कर्नाळा चढतात, वर सेल्फी घेतात. त्यातल्या बहुतेकांनी ती गाणी रिंगटोन म्हणून ऐकलेली असतात आणि चित्रपट एकदाही पाहिलेला नसतो. मधमाश्यांच्या त्या डोंगराशी वैर धरणारा नाग्या, त्याच्यासाठी सगळं मागे टाकून आलेली चिंधी, ढोलाच्या ठेक्यावर पुढे सरकणारी कथा, हे सगळं मोठ्या पडद्यासाठीच रचलं गेलं होतं. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा ‘सिंहासन’ १९७९ चा, आजच्या राजकारणाचा रोजचा पेपर वाचावा तसा वाटतो. ‘उंबरठा’ १९८२ चा, आणि घर सोडून नोकरीला निघालेल्या बाईविषयी इतकं सरळ बोलणारा सिनेमा मराठीत त्यानंतर फार थोडा झाला. हे चित्रपट ‘अभ्यासाचे’ म्हणून बाजूला ठेवले गेले. तळोज्यातल्या प्रेक्षकाला ते पेलणार नाहीत हे कुणी ठरवलं?

या प्रेक्षकाला कमी लेखण्याची सवय जुनी आहे. १९७१ मध्ये दादा कोंडकेंचा ‘सोंगाड्या’ (लेखक पुन्हा वसंत सबनीस) दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी बाजूला सारला जात होता, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांना मध्ये पडावं लागलं. चित्रपट लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. ‘माहेरची साडी’ १९९१ चा, समीक्षकांनी नाकं मुरडली आणि बायकांनी थिएटरं भरून काढली. तेच २०२३च्या जूनअखेरीस ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी झालं: भिशीचे, मंगळागौरीचे, सोसायटीचे गट ठरवून नटूनथटून निघाले. दरवेळी हा प्रेक्षक आला की चित्रपटसृष्टीला आश्चर्य वाटतं. तो आधीपासून इथेच होता.

अडचण आहे ती वेळेची आणि पैशाची. सिनेमासाठी तळोजेकर बहुतेक खारघर, पनवेल नाहीतर सीवूड्स गाठतात. चौघांचं तिकीट, जाणं-येणं, मध्यंतरात पोरांसाठी पॉपकॉर्न, म्हणजे महिन्याच्या किराण्यातला लचका. त्यात मराठी चित्रपटाचा खेळ सकाळी साडेनऊचा नाहीतर दुपारी दीडचा. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा माणूस दीडला यंत्रावर असतो. २०१५च्या एप्रिलमध्ये विनोद तावडे मंत्री असताना मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याची घोषणा झाली, त्यावर मोठं वादंग झालं, आणि मग ती वेळ दुपारी बारापासून धरायची असं ठरलं. दुपारी बाराला ‘प्राइम टाइम’ कुणाचा असतो? कामावर जाणाऱ्याचा तर नक्कीच नाही.

आणि मल्टिप्लेक्सच हवं असंही नाही. या महाराष्ट्रात तंबूतला सिनेमा जत्रेजत्रेत फिरला आहे. ट्रकवर लादलेला प्रोजेक्टर, रिळांच्या पत्र्याच्या पेट्या, मैदानात खांब रोवून ताणलेलं कापड. गणपतीत गावोगाव पडदा लागायचा तेव्हा अर्धे लोक पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचे आणि नायकाने डाव्या हाताने मारलेलं बघून खूश व्हायचे. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकून जायचा, ऑपरेटरला इशारा म्हणून. जाणत्या पोरांना तो ठिपका आधी दिसायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या सिनेमांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. पेंधर, तोंडरे, पडघे, रोहिंजण ही तळोज्याभोवतीची मूळ आगरी गावं अजून आपापल्या जत्रा आणि हळदी दणक्यात करतात. माणसं जमवायची कला या भागाला शिकवायला नको.

प्रश्न प्रतींचा उरतो, आणि तो घाईचा आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, १९२५ चा, शांतारामबापूंनी शेतकऱ्याची भूमिका केलेला, आज कुठेही उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर गावोगाव हिंडून रिळं गोळा करत होते म्हणून ‘कालिया मर्दन’ तरी बघायला मिळतो. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या चित्रपटांची नायट्रेट रिळं जळाली. ती फिल्मच अशी, एकदा पेटली की विझत नाही. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या रंगीत फिल्मला आगीची तेवढी भीती नाही, पण तिचा रंग उडतो, दमट हवेत ती आंबट वास सोडते, आक्रसते, चिकटते. मुंबईच्या पावसाळ्यात साध्या खोलीत ठेवलेल्या पेटीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. हक्क कुणाचे, यावर निर्मात्यांचे वारस आणि व्हिडिओ कंपन्या भांडत बसल्या तर भांडण मिटेपर्यंत पेटीत काही उरणार नाही.

राज्य सरकार नव्या मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्यातला एक वाटा दरवर्षी जुन्या चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा, आणि दुरुस्त झालेला प्रत्येक चित्रपट महानगराबाहेरच्या वस्त्यांत आधी दाखवावा, ही अट घालावी. पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, तिथे पहिला खेळ ‘जैत रे जैत’चा करावा. कर्नाळ्याच्या इतक्या जवळ त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. दुसरा ‘अशी ही बनवाबनवी’चा, हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी, खारघरच्या सेंट्रल पार्कच्या मोकळ्या हवेत, मोठं कापड ताणून. मेट्रोचं स्थानक त्याच नावाचं आहे. तिकीट पन्नास रुपये ठेवावं, भाडेकरूंना आणि घरमालकांना सारखंच, आणि पेंधरची शेवटची गाडी सुटायच्या आत खेळ संपवावा.